गोळीआधीचं भाषण

हिंगोली जिल्हा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या औषधाच्या दुकानाला शिडी लागलेली होती. पेंटर वर चढून पाटीवरचं 'शहरातील अग्रगण्य' खरवडून तिथं 'जिल्ह्यातील अग्रगण्य' असं रंगवत होता आणि खाली मालक हात मागे बांधून देखरेख करत होते. नव्या कचेऱ्यांना अजून धड जागा मिळालेली नव्हती. जिल्ह्यात त्या सकाळी अग्रगण्य असं काही असलंच तर ते एवढंच होतं.

"इतकी घाई?" मी विचारलं.

"सर," ते वर बघतच म्हणाले, "उद्या दुसरा कुणी लिहील."

त्यांचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर ते हा मजकूर कापून, लॅमिनेट करून, जिथं असतील तिथल्या भिंतीवर लावतील आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला लावतील. पाटीवर नावाखाली 'नोंदणीकृत औषधनिर्माते' असं होतं. आयुष्यात त्यांनी एकही गोळी निर्माण केलेली नव्हती. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. थट्टा त्यांना कळत नसे. कायद्यात हाच शब्द कसा आहे, तो का आहे आणि 'मेडिकलवाला' या शब्दाने एका पवित्र व्यवसायाचा कसा अपमान होतो, हे त्यांनी मला उन्हात उभं करून समजावलं. गाव त्यांना 'मेडिकलवाले काका'च म्हणत राहिलं. माझी आई त्यांना 'गोळीवाला' म्हणायची.

मे महिन्यात आमच्याकडे सावलीतसुद्धा डोकं तापतं, तेव्हाही ते पांढरा कोट घालून बसत. खिशाला पेनं, नाकावर जाड चष्मा, आणि आवाज असा की दुकानात कुजबुजलेलं समोरच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जाई. त्यांना बोलणं असं येतच नव्हतं. ते भाषण करत. समोर एकच माणूस असला, तोही खोकत असला, तरी हे खुर्चीवरून उठत, कोट खाली ओढत आणि घसा साफ करून सुरुवात करत. बसून बोलणं म्हणजे विषयाचा अवमान, असं त्यांचं मत होतं.

भाषणाचा विषय कायम एकच. ज्या आजारांना बरं होणं माहीत नाही, त्या आजारांच्या गोळ्या रोज खाव्यात. "साखर हा पाहुणा नाही, घरजावई आहे," ते म्हणत. "आला तो आला. आता त्याची मर्जी राखा." बरं वाटायला लागलं म्हणून गोळी सोडणाऱ्या शेतकऱ्याला ते विचारत की विहिरीवर मोटर चालू आहे म्हणून पाटात पाणी येतंय, आणि तुम्ही म्हणता पाणी तर येतंय, मग मोटर कशाला? हे ऐकून शेतकरी मान डोलवत. मोटरचं पटे. मग घरी जाऊन गोळी सोडत.

ते जे सांगत ते खरं होतं, हीच मुळात अडचण होती. चुकीचं बोलणाऱ्या माणसावर निदान हसता येतं. बरोबर असलेला माणूस इतका असह्य असेल तर काय करायचं, याचं उत्तर मी कॉलेजात इतिहास शिकवत असूनही मला कुठं सापडलेलं नाही.

गुप्तता हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. डॉक्टरची चिठ्ठी हातात आली की ते ती जाहीरनाम्यासारखी मोठ्याने वाचत. आमच्या एका मुख्याध्यापकांनी स्वतःची साखर कित्येक वर्षं बायकोपासूनसुद्धा लपवून ठेवली होती. एका लग्नात पंगत बसली, जिलबीचं ताट फिरायला लागलं, आणि हे गृहस्थ वाढप्याच्या मागोमाग चालू लागले. "यांना नको. यांना अर्धी. सर, तुम्हांला अजिबात नको." मुख्याध्यापकांच्या पानातली जिलबी त्यांनी स्वतःच्या हाताने उचलली. मुख्याध्यापक नंतर माझ्याशी बोलताना म्हणाले की माणसाला आजार झाल्याचं दुःख नाही, हा माणूस गावात असल्याचं आहे. त्यानंतर लग्नपत्रिका छापल्या की यांच्या दारात ती टाकायची की नाही यावर घराघरांत चर्चा होई. ते बिनपत्रिकेचेही जात.

आपल्या पद्धतींवर त्यांचा भारी विश्वास. कनेरगाव नाक्याजवळच्या एका तांड्यावरचा म्हातारा त्यांच्याकडे यायचा. रस्त्याच्या कडेला त्याचं घर, घड्याळ नाही, आणि दोन वेळच्या दोन गोळ्या. यांनी तोड काढली. सकाळी वाशिमकडे जाणारी एसटी दिसली की पांढरी गोळी, संध्याकाळी ती परतली की पिवळी. म्हाताऱ्याने बिनचूक पाळलं. त्याचा बीपी उतरला, आणि यांनी ही गोष्ट भेटेल त्याला इतक्यांदा ऐकवली की ती गाडी यांनीच सुरू केली असावी असं वाटे. मग एसटीचा संप झाला. संप मिटल्यावर म्हातारा आला तो भिंतीला धरत. मी तेव्हा दुकानातच होतो.

"गोळ्या खाल्ल्या नाहीत?" यांनी दरडावलं.

"गाडी आलीच न्हाई, काका," म्हातारा म्हणाला. "गाडी न्हाई तं गोळी कशी खाऊ?"

दुसरा कुणी असता तर आपलं कुठं चुकलं याचा विचार केला असता. यांनी म्हाताऱ्याला बसवलं, पाणी पाजलं, लुनावर मागे घेऊन डॉक्टरकडे सोडलं, आणि परत येऊन एसटीच्या आगार व्यवस्थापकाला उद्देशून जोरदार भाषण केलं. आगार व्यवस्थापक तिथं नव्हता, मी होतो. लोक आपलं म्हणणं अक्षर न् अक्षर पाळतात आणि त्यातच घोळ होतो, हे त्या दिवशी त्यांना दिसायला हवं होतं. मलाही दिसायला हवं होतं, कारण त्याच सुमारास त्यांनी पाकिटांचा नियम काढला होता.

नियम असा. कायमच्या गोळ्या घेणाऱ्याने संपलेल्या गोळ्यांचं रिकामं पाकीट आणून दाखवायचं, तरच पुढचं भरलेलं मिळेल. पाकीट नाही तर गोळी नाही. विसरलो म्हटलं की घरी परत. लांब नरसी गावाहून आलेल्या माणसालाही परत. आलेली रिकामी पाकिटं ते एका तारेत ओवून छताच्या कडीला टांगत. पंखा लागला की ती चंदेरी झुंबरासारखी हलत. औषध कंपनीचा माणूस आला की त्याला ते आधी झुंबर दाखवत. "ही माझ्या रुग्णांची शिस्त," ते म्हणत.

या झुंबरात सगळ्यांत देखणी पाकिटं माझ्या आईची होती.

वडील गेल्यावर आई कुरुंद्याहून माझ्याकडे राहायला आली आणि तिला साखर निघाली. आता हे तिला सांगायचं कसं? तिला दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. जन्मभर शेतात राबलेली बाई, ताप आला तरच आजार असतो एवढंच तिला माहीत. तरी ती दर वेळी स्वतः दुकानात जाई, पदरातून रिकामं पाकीट काढे, आणि ते पालथ्या हाताने पुसून काउंटरवर ठेवी. एकही कप्पा वेडावाकडा फाटलेला नाही, चुरगळलेला नाही. हे उठून उभे राहत आणि दुकानातल्या बाकीच्यांना ते पाकीट उंच धरून दाखवत. "बघा. मातोश्रींचं पाकीट बघा आणि तुमचं बघा." आई घरी येऊन म्हणे, "येडंय, पन मान देतं."

मग एका गौरी-गणपतीत तिला नवी चप्पल चावली. अंगठ्याला जखम झाली. तिने तिच्या स्वभावाप्रमाणे घरची हळद भरली. जखम भरेना. यांना कळलं तेव्हा घरी येऊन त्यांनी हळदीविरुद्ध भाषण केलं. हळदीच्या गावातल्या बाईसमोर हळदीविरुद्ध बोलणं म्हणजे काय हे मी सांगायला नको. आईने फक्त चहा दिला नाही. पण जखम काळी पडायला लागली, तेव्हा मी तिला नांदेडला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, गोळ्या नियमित घेऊनही साखर इतकी चढलेली आहे म्हणजे डोस कमी पडतोय. त्यांनी तो चांगलाच वाढवून दिला. आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की साखर आटोक्यात आली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि तेवढ्यावर भागेल याची खात्री नाही. पायही जाऊ शकतो.

आईला मी यातलं निम्मं सांगितलं. उरलेलं तिनेच ओळखलं. तिने एकच विचारलं, "हळदीपातुर उभी राहीन का मी?"

कुरुंद्याला आमची थोडी हळद. थोरला भाऊ बघतो. काढलेली हळद कढईत उकडतात, आणि ती नेमकी कधी शिजली हे कळणं हे खरं काम. कमी शिजली तर रंग येत नाही, जास्त शिजली तर चोथा. आई कढईशी उभी राहायची, एक कांडी उचलायची, त्यात बारीक काडी खुपसायची आणि म्हणायची, काढा. ती म्हणेपर्यंत कुणी काढायचं नाही. गावातली बाकीची माणसंही तिला बोलावून नेत. तिला हिंगोलीत माझ्या घरी कुणी काही विचारत नसे. बायको स्वयंपाकातसुद्धा तिला हात लावू देत नव्हती, प्रेमानेच. वर्षातून ते थोडे दिवस होते जेव्हा तिच्या शब्दावर विस्तव ओढला जाई. ते सगळं आता तिच्या अंगठ्यावर येऊन ठेपलं होतं.

अशात दसरा आला. दसऱ्याला दुकानाचा वर्धापनदिन. त्या वर्षी यांनी 'आदर्श रुग्ण सन्मान' जाहीर केला. आजारी असण्यात आदर्श काय असतं, हे मी विचारलं नाही. सन्मान माझ्या आईला होता, आणि मानपत्र मी लिहायचं होतं. मी नाही म्हणून पाहिलं, आजारपणाचं कारण सांगितलं. ते म्हणाले, आजारपण हेच तर निमित्त आहे. म्हणून पायाला पट्टी बांधलेल्या माझ्या आईवर मी 'नियमितपणाचा नंदादीप' असे शब्द असलेलं मानपत्र लिहिलं. त्यातला नंदादीप त्यांनी घातला.

दुकानासमोर मांडव, खुर्च्या, कर्णा. आईला मी रिक्षातून नेलं. मुख्याध्यापक अध्यक्ष होते. त्यांना चहात साखर दिली नव्हती. यांचं प्रास्ताविक झालं, त्यात झुंबराचा उल्लेख तीनदा आला. शाल पांघरून झाली. मग नारळ हातात धरून यांनी आईला दोन शब्द बोलायची विनंती केली आणि माइक तिच्या तोंडाशी नेला.

"मला बोलता येत न्हाई," आई म्हणाली. "ह्या मानसानं लै जीव लावला. त्यानं दिलेली एक बी गोळी म्या वाया घातली न्हाई."

टाळ्या झाल्या. हे हसून सगळीकडे बघत होते.

"समद्या डब्यात हाईत. लिंबाचा पाला घालून ठेवल्यात. एकीला कीड लागली न्हाई."

टाळ्या थोड्या उशिरा थांबल्या. यांनी माइक स्वतःकडे घेतला आणि त्यातूनच विचारलं, "डब्यात म्हणजे?"

"डब्यात म्हंजी डब्यात. बरं वाटून राहिलं तं काहून खायच्या? बियानं कुनी रोज खातं का? ठेवल्या अडीनडीला. गावाकडचं कुनी आलं, चक्कर येऊन राहिली म्हनलं, तं देते एखांदी."

"मग ती रिकामी पाकिटं?"

"तुमीच म्हनले रिकामं पाकीट आना," आई म्हणाली. "आनलं."

मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी म्हणालं, "आमच्या बी बरनीत हाईत, काका." मग आणखी एक आवाज आला. मग हशा पिकला, आणि तो थांबेना. मी त्या माणसावर इतकी वर्षं वैतागलेला, अशा एखाद्या क्षणाची वाट बघत असलेला. पण त्या वेळी मला हसू आलं नाही. माझं सगळं लक्ष आईच्या पट्टीकडे होतं. तिने गोळ्या खाल्ल्याच नव्हत्या. नांदेडच्या डॉक्टरांनी वाढवून दिलेल्या नव्या गोळ्यांनाही तेव्हा पाला घालून झाला होता.

हे खाली बसले. नारळ मांडीवर. आभारप्रदर्शन झालं नाही. त्यांच्या कारकिर्दीत असं त्याआधी आणि त्यानंतरही कधी झालं नाही.

तासाभरात ते घरी आले, कोटासह. त्यांनी डबा मागितला. आईने धान्याच्या कोठीमागून तो काढला आणि छातीशी धरून ठेवला. मी विनवणी केल्यावर दिला. त्यांनी माझ्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून डबा उपडा केला. वाळलेला पाला आणि त्यात गोळ्या. साखरेच्या, बीपीच्या, आणखी कसल्या कसल्या, सगळ्या एकत्र. आई म्हणाली, "मिसळू नका हो," आणि लगेच गप्प झाली, कारण त्या आधीच मिसळलेल्या होत्या. ते कुणाकुणाला कुठली गोळी दिली ते विचारत होते. हळू आवाजात. मला तो आवाज ओळखू येईना. आईला आठवत होती ती माणसं. गोळ्यांचे रंग आठवत नव्हते. ज्यांची नावं आली त्यांच्याकडे भावाने जाऊन यावं, कुणाकडे असली गोळी उरली असेल तर काढून घ्यावी, असं त्यांनी मला ताबडतोब फोन करून सांगायला लावलं.

मग त्यांनी नवं पाकीट उचललं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "सर, डोस कुणी वाढवला?"

मी सांगितलं.

"त्यांना वाटलं ह्या खातात आणि तरी साखर उतरत नाही. म्हणून वाढवला." त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. "आता ह्यांनी घाबरून उद्यापासून खरंच एवढ्या खाल्ल्या, तर साखर एकदम खाली जाईल. ह्यांना घेरी येईल, उठायच्यासुद्धा नाहीत. मला आजच नांदेडला गेलं पाहिजे."

इतकं थोडं आणि इतकं सरळ बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकत होतो. सणाच्या दिवशी डॉक्टर कुठले भेटायला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आम्ही तिघं गेलो. डॉक्टर आमच्यावर चिडले ते बरोबरच होतं. हे उभे राहिले, कोट खाली ओढला, मला वाटलं आता सुरू होणार. पण ते एवढंच म्हणाले की बाईंचा दोष नाही. आपणच पाकिटं तपासत होतो, गोळ्या नाही. डॉक्टरांनी सगळं पुन्हा खालून, कमी डोसपासून सुरू केलं. अंगठ्याचं टोक नखासकट काढावं लागलं. बाकीचा पाय राहील की नाही, ते म्हणाले, आता पुढच्या काही आठवड्यांत ठरेल आणि ते गोळीवर आहे.

परत आल्यावर त्यांनी झुंबर काढलं. कडी तेवढी राहिली.

इथं हा माणूस बदलला, नम्र झाला असं लिहिता आलं असतं तर मला आवडलं असतं. तो तसूभरही बदलला नाही. पाकिटांचा नियम गेला आणि नवा आला: "सकाळची गोळी माझ्यासमोर." दुकानात माठ आणि पेले आले, बाक आले, आणि दुकान उघडायच्या आधीपासून तिथं रांग लागू लागली. ज्यांना येता येत नाही त्यांच्याकडे ते स्वतः लुनावर जात. आईला चालायची बंदी होती. म्हणजे माझी रोजची सकाळ गेली.

ते बरोबर चहाच्या वेळेला येत. चपला दारात काढत, माझ्या खुर्चीवर ठेवलेली वर्तमानपत्रं जमिनीवर ठेवत, मग उभे राहत. आईच्या हातावर गोळी, समोर पाण्याचा तांब्या. "आदरणीय मातोश्री," ते सुरू करत. पुढे मूत्रपिंड. मूत्रपिंड हा किती गरीब, किती सोशिक अवयव आहे. तो आयुष्यभर एका शब्दाने तक्रार करत नाही आणि ज्या दिवशी करतो त्या दिवशी फार उशीर झालेला असतो. मग डोळ्याचा पडदा. मग पायाच्या नसा. मी आत तास घ्यायच्या तयारीत बसलेला असे, आणि पेशवाई आणि मूत्रपिंड माझ्या डोक्यात एकमेकांत घुसत. मी त्यांना एकदा स्पष्ट म्हणालो की भाषण रोज तेच आहे. ते म्हणाले, गोळीही रोज तीच आहे.

आई मूत्रपिंडापर्यंत कसंबसं ऐके, मग गोळी तोंडात टाकून तांब्या लावी. त्यांचा चेहरा पडे. "मातोश्री, मुद्दा पूर्ण व्हायचा होता."

"झाला की," आई म्हणे.

ते गेल्यावर मी तिला विचारलं की आता तरी पटलंय ना, गोळी का खायची ते. तिने माझ्याकडे बघितलं. "पटायचं काय त्याच्यात? त्याचं तोंड बंद व्हावं म्हनून खाते." आणि ते मात्र जिल्हाभर सांगत फिरत होते की वक्तृत्वाने साखर उतरते. उतरत होती, हे खरं. जखम हळूहळू लाल झाली, मग कोरडी झाली, आणि संक्रांतीच्या सुमारास नांदेडच्या डॉक्टरांनी पाय हातात घेऊन दाबून पाहिला आणि समाधानाने मान डोलावली. आई मला रस्त्यात म्हणाली, "भावाला सांग, कढई घासून ठेव म्हनावं."

हळद शिजवायला ती कुरुंद्याला गेली तेव्हा गोळ्यांची जबाबदारी यांनी माझ्या भावावर सोपवली. पण भावावर त्यांचा विश्वास नव्हता. भाऊ त्यांचं भाषण ऐकून गेलेला नव्हता. म्हणून एके सकाळी आम्ही शेतात असताना बांधावरून पांढरा कोट येताना दिसला. एसटीने वसमत, तिथून मिळेल त्या वाहनाने आणि उरलेलं पायी. कढईवर पोती अंथरलेली, वाफ निघतेय, धुराने सगळ्यांचे डोळे लाल. आई जाड बूट घालून, काठीला एक हात टेकवून उभी, दुसऱ्या हातात बारीक काडी, पुढ्यात भावाने धरलेली हळदीची कांडी. ते तिच्यासमोर उभे राहिले आणि कोट खाली ओढला.

"आदरणीय मातोश्री, आणि उपस्थित हळद उत्पादक बंधूंनो."

मजुरांनी घमेली खाली ठेवली. आईने एका हाताने कांडीत काडी खुपसली, ती कशी जाते ते बघितलं, आणि दुसरा हात काठीवरून उचलून त्यांच्यापुढे पसरला. काठी पडली. ती तशीच उभी राहिली. मी पुढे झालो तर तिने मला डोळ्यांनीच थांबवलं. यांनी तिच्या हातावर गोळी ठेवली. तिने ती गिळली, वर पाणी प्याली आणि कढईकडे वळून म्हणाली, "काढा."

मजूर हलले. यांचं वाक्य मूत्रपिंडाशी तुटलं. धुराने त्यांचे डोळे वाहत होते, आणि मला अजूनही खात्रीने सांगता येत नाही की तो धूरच होता.

पुढे वर्षानुवर्षं हे चाललं. आई बरी होती, चालत होती, तरी ते येत. माझ्या खुर्चीचं, माझ्या वर्तमानपत्रांचं, माझ्या सकाळचं जे व्हायचं ते होत राहिलं. मग त्यांचे गुडघे गेले. पुण्याच्या मुलाने न्यायचं ठरवलं, आणि त्यांनी स्वतःच स्वतःचा निरोप समारंभ ठेवला. मानपत्र अर्थात मीच लिहिलं. त्यांनी ते वाचून 'अग्रगण्य' हा शब्द दोन ठिकाणी वाढवला. समारंभात त्यांना बसून बोलायची विनंती झाली. ते उभे राहिले, टेबलाला धरून, आणि मुख्याध्यापकांना डुलकी लागेपर्यंत बोलले. शेवटी आईच्या पाया पडले. आई म्हणाली, "जा आता. तिकडं पुन्यात बी लोक हाईत." दुकान दुसऱ्या कुणी घेतलं. नवा माणूस मागाल ते देतो, विचारत काही नाही. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. त्यात माझाही होता.

ते पुण्याला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. खुर्ची माझी होती, वर्तमानपत्रही हातात होतं. आईने पाकिटातून स्वतःच गोळी काढून तळहातावर घेतली, तांब्या समोर ठेवला आणि बसून राहिली. मी म्हणालो, घे ना. ती हो म्हणाली. मी अंघोळ करून आलो, तरी गोळी हातावरच होती, घामाने कडेला विरघळायला लागलेली.

"आई, काय झालं?"

"गिळंना झालीय," ती म्हणाली. "नुसतीच कशी गिळू? बोल की काही तरी. कालेजात येवढं बोलतोस."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. म्हणजे बायको ऐकत होती. मी वर्तमानपत्राची घडी केली. इकडेतिकडे बघितलं.

"आदरणीय मातोश्री," मी म्हणालो.

आईने मान हलवली. "तो उभा ऱ्हाऊन बोलायचा."

मी उभा राहिलो.